दोन काट्यांच्या मध्ये

लामारा परत आली बुधवारी, दहाच्या सुमारास.
डेलिका फाटकातून आत घेतली, इंजिन बंद केलं नाही.
म्हणाली, ऐक.

ऐकलं.
नव्या टर्बोची शीळ आहे, कोवळी.
पण पाय दाबला की आवाज येतो, ताकद येत नाही,
आणि मागे धूर,
वीटभट्टी सोबत घेऊन निघाल्यासारखा.

नाकेरालाच्या घाटात, ती सांगते,
दुसऱ्या गिअरमध्ये, मधाचे बावीस डबे मागे,
एका म्हाताऱ्या लाडानं मला ओलांडलं, बद्री.
लाडानं!
वर त्यानं हातही केला.

टर्बो मीच बसवला होता, शनिवारी.
जुन्याचा दांडा बोटांत डुगडुगत होता, पडायला आलेल्या दातासारखा.
नवा पोटीच्या बंदरातून आला, खोक्यात, भुशात.
तेलाची नळी धुतली, गास्केट नवं,
नट एकेक करून आवळले.
कुताइसीत माझ्याइतकं हळू काम कुणी करत नाही,
हे लोक तक्रार म्हणून सांगतात, मी कौतुक म्हणून ऐकतो.

संशय माणूस आधी दुसऱ्यावर घेतो.
म्हटलं, डिझेल कुठे भरलंस?
म्हटलं, इंजेक्टर. म्हटलं, पोटीवाल्यानं जुनाच रंगवून दिला.
एअर फिल्टर काढला: स्वच्छ, माझ्या शर्टाहून स्वच्छ.
सायलेन्सर सोडवून एक फेरी मारली,
गल्लीतली सगळी कुत्री उठली,
ताकद होती तेवढीच.
साबणाचं पाणी फिरवलं जोडाजोडावर,
एक बुडबुडा नाही.

गळत नाहीये, उस्ताद, गोचा म्हणाला.
मग जातंय कुठे?

तेव्हा दोन गेज लावले.
एक टर्बोच्या तोंडाशी, एक इंजिनच्या दाराशी.
मध्ये फक्त इंटरकूलर आणि हातभर नळी.
गोचानं पाय दाबला.
पहिला काटा ताडकन उठला.
दुसरा हलला जरासा,
उन्हात पडलेल्या मांजराच्या शेपटीसारखा,
आणि पुन्हा झोपला.

हवा निघत होती. पोचत नव्हती.
गळत नव्हती, म्हणजे अडत होती.

शनिवारी, फोन वाजला तेव्हा,
नळी उघडी टाकून मी उठलो होतो.
आत काही पडू नये म्हणून...

क्लॅम्प सोडताना हाताला ते ठाऊक होतं.
डोक्याला जरा उशिरा कळलं.

बोट घातलं. कापड.
ओलं, काळं, इंटरकूलरच्या तोंडावर
घशात अडकलेल्या घासासारखं बसलेलं.
मीच कोंबलेलं. धूळ जाऊ नये, नट पडू नये.
काळजी म्हणून.

लामारा शेजारीच उभी होती.
माझ्या तोंडात वाक्य तयार होतं:
नळी आतून फाटलेली, होतं असं, जुनं रबर.
तिनं चिंधी माझ्या हातातून घेतली,
दोन बोटांनी उलगडली,
आणि तेलाखालून निघालं
एक लाल फूल. मग आणखी अर्धं.

तिच्याच स्वयंपाकघराचा पडदा.
हिवाळ्यात गाठोडं दिलं होतं, हात पुसायला,
वर बजावलं होतं, कापड चांगलंय, वाया घालवू नकोस.

गोचानं पाठ फिरवली. त्याचे खांदे हलत होते.

पैसे मी घेतले नाहीत,
तिनं द्यायचं नाटकही केलं नाही.
गाडी निघाली, चढावर तिसरा पडला, मागे धूर नाही,
शीळ पुलापर्यंत ऐकू येत राहिली.
आठवड्यानं मधाची बरणी आली,
तोंडावर लाल फुलांचा तुकडा, सुतळीनं बांधलेला,
आणि निरोप: खाण्याआधी काढ.

आता रोज संध्याकाळी गोचा चिंध्या मोजतो,
मोठ्यानं, माझ्याकडे न बघता.
चौदा, म्हणतो. चौदाच होत्या ना सकाळी?

मी पाना पुसत राहतो.
मोज परत, म्हणतो.